वस्तीवर माणसं किती, आणि गाडी कुठवर?



आमच्या गटांची महिन्याची बैठक दुपारी तीनला बसते आणि चारच्या पुढं ती कधीच जात नाही. चार वाजले की ओढ्यापलीकडच्या वस्तीवरच्या सात-आठजणी पदर खोचून उभ्या राहतात. शेवटचं वडाप साडेचारला सुटतं, आणि तेही ओढ्याच्या अलीकडंच सोडतं. ते चुकलं की गावापासून सगळं चालत. कर्जाचा विषय अर्धा राहिला तरी चालतो, वडाप चुकून चालत नाही.

मागं एका बैठकीत आम्ही सहज विचारलं, “तुमच्या वस्तीवर माणसं तरी किती?” एकजण म्हणाली दोनशे, दुसरी म्हणाली चारशेच्या खाली नसतील. तेवढ्यात एक काकी म्हणाल्या, “आता कशाला मोजताय? निम्मी कारखान्यावर गेल्याती.”

हसलो सगळ्याजणी. पण घरी जाताना आम्हाला वाटलं, काकींचं बोलणं हसण्यावारी न्यायचं नाही. माणसं किती आहेत आणि ती मोजली कधी, यावर रस्ता ठरतो, अंगणवाडी ठरते, आशाताई ठरतात. म्हणून आज या आकड्याविषयीच बोलू.

आधी दोन-चार आकडे कानावर घालतो. सपाटीच्या भागात साधारण 400 ते 800 लोकसंख्येमागं एक अंगणवाडी धरतात आणि 150 ते 400 असेल तर मिनी अंगणवाडी. आशाताई हजार माणसांमागं एक. आरोग्य उपकेंद्र सपाटीला 5,000 माणसांमागं, डोंगरी आणि आदिवासी भागात 3,000 मागं. शाळेचं मोजमाप मात्र अंतरावर आहे: प्राथमिक शाळा घरापासून 1 किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीची 3 किलोमीटरच्या आत. म्हणजे कुठं डोकी मोजतात, कुठं अंतर. रस्त्याला दोन्ही मोजतात, म्हणून रस्त्याचं गणित जरा नीट समजून घ्यायला लागतं.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजना 25 डिसेंबर 2000 ला सुरू झाली. तिच्या नियमांत ‘गाव’ हा शब्द फारसा महत्त्वाचा नाही, ‘वस्ती’ महत्त्वाची आहे. तलाठ्याच्या दप्तरातलं गाव वेगळं. त्यात गावठाण येतं, मळे येतात, वाड्या येतात, आणि सगळ्यांचा मिळून एकच आकडा. आमच्या माणदेशात तर गाव म्हणजे पसारा. गावठाणात थोडी घरं आणि बाकीची आपापल्या रानात, आडनावाच्या वस्त्यांवर. गावठाणापर्यंत डांबर आलं की कागदावर गाव जोडलं गेलं. वस्ती तशीच राहते चिखलात.

या योजनेत वस्ती हाच धागा धरलाय ही चांगली गोष्ट. नियम असा, की सपाटीच्या भागात 500 किंवा त्याहून जास्त माणसांची आणि बारमाही रस्ता नसलेली वस्ती असेल तर ती रस्त्याला पात्र. डोंगरी, वाळवंटी आणि आदिवासी क्षेत्रात हीच अट 250 माणसांची. आता चौथा टप्पा चालू झालाय. त्याला केंद्र सरकारने सप्टेंबर 2024 मध्ये मंजुरी दिली. 2024-25 ते 2028-29 या पाच वर्षांत देशातल्या 25,000 वस्त्या जोडायच्या, त्यासाठी 62,500 किलोमीटर रस्ते आणि 70,125 कोटी रुपये. माणसं मोजायला 2011 ची जनगणना धरली आहे. पहिल्या टप्प्याला 2001 ची धरली होती. राज्याची मुख्यमंत्री ग्रामसडक योजनाही आहे, ती 2015 पासून.

बारमाही रस्ता म्हणजे डांबरीच असं नाही बरं का. सगळ्या ऋतूंत गाडी जाईल, ओढ्या-नाल्याला मोरी किंवा फरशी असेल, तर तो बारमाही. उन्हाळ्यात आमच्या वस्तीवर ट्रॅक्टर जातो, ट्रकही जातो. म्हणून कुणी परगावचा माणूस एप्रिलमध्ये येऊन बघून गेला तर म्हणेल, रस्ता आहे की! त्यानं ऑगस्टमध्ये यावं.

आता अंतराचं. वस्ती बारमाही रस्त्यापासून निदान 500 मीटर लांब असेल तरच ती ‘न जोडलेली’ धरतात. त्याच्या आत असेल तर जोडलेली. डोंगरी भागात हेच अंतर पायवाटेनं दीड किलोमीटर. आणखी एक नियम आहे, तो फार थोड्यांना माहीत असतो. जवळजवळच्या वस्त्या एकत्र धरता येतात. सपाटीला 500 मीटरच्या परिघात येणाऱ्या वस्त्यांची लोकसंख्या एकत्र मिळवायची परवानगी आहे. समजा एका वस्तीवर 180 माणसं, शेजारच्या मळ्यात 150 आणि पलीकडं 200. वेगवेगळ्या अर्ज केल्या तर तिन्ही नापास. परिघात बसत असतील आणि एकत्र मांडल्या तर 530, म्हणजे पास. पण आपल्याकडं काय होतं? एका वस्तीचं दुसरीशी बांधावरनं भांडण असतं, मग अर्जही वेगवेगळे जातात आणि तिघींचाही चिखल तसाच राहतो. हे आम्ही दुसऱ्यांचं सांगत नाही, आमच्याच शिवारातलं सांगतोय.

बांधाचा विषय निघालाच आहे तर लगेच सांगून टाकतो. ग्रामसडक योजनेत जमीन विकत घ्यायला पैसे नसतात. रस्त्याची जमीन गावानं द्यायची असते. त्यामुळं आकडा बसला, मंजुरी आली, तरी एका शेतकऱ्यानं कुदळ मारू दिली नाही की काम थांबतं. पूर्वापार वहिवाटीची वाट कुणी अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5 खाली तहसीलदारांकडं अर्ज करता येतो, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. बांधावरनं नवी वाट हवी असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम 143 आहे. पाणंद रस्त्यांसाठी 2021 पासून मातोश्री ग्रामसमृद्धी योजनाही आहे, ती रोजगार हमीला जोडलेली. पण कायद्याच्या आधी चहा पिऊन बघावा. बऱ्याच वेळा बाप्यांनी न सोडलेली गाठ त्यांच्या घरच्या बायका सोडवतात, कारण पोटुशी सून त्यांच्याही घरात असते.

आता मोजणीकडं येऊ. काकींचं ‘निम्मी कारखान्यावर गेल्याती’ इथं लागू होतं.

2011 ची मोजणी 9 ते 28 फेब्रुवारी या दिवसांत झाली आणि 1 मार्चची मध्यरात्र ही हिशेबाची वेळ धरली. नियम असा होता: नेहमी ज्या घरात राहतो तिथं त्या वीस दिवसांत एकदा जरी हजर असलो तरी तिथंच नोंद होते. पण ते सगळे दिवस घराबाहेर असलो, तर जिथं सापडू तिथं नोंद होते. आता फेब्रुवारी म्हणजे काय? ऊसतोड चालू. दिवाळीच्या आगेमागे कोयत्यावर गेलेली जोडपी मार्च-एप्रिलशिवाय येत नाहीत. मेंढरं घेऊन गेलेली माणसं पार कोकणाकडं असतात. म्हणजे आपली वस्ती वर्षातली सगळ्यात रिकामी असते तेव्हाच मोजणी. ही माणसं देशाच्या हिशेबातनं गळत नाहीत, ती कारखान्याच्या तळावर नाहीतर रानात कुठंतरी मोजली जातात. पण त्यांची डोकी आपल्या वस्तीच्या नावावर चढत नाहीत. आणि जूनमध्ये ओढा भरतो तेव्हा ती सगळी परत आलेली असतात!

पुढची जनगणनाही 1 मार्च 2027 ही तारीख धरूनच ठरली आहे. घरयादीचं काम 2026 च्या एप्रिल ते सप्टेंबरमध्ये आणि माणसांची मोजणी फेब्रुवारी 2027 मध्ये. म्हणजे पुन्हा फेब्रुवारीच. आपण त्यात काय करू शकतो? घरयादीच्या वेळी प्रगणक आपल्या भागाचा नजरी नकाशा काढतात. तेव्हा त्यांच्याबरोबर एकीनं हिंडायचं आणि लांबच्या मळ्यातलं, कुलूप लागलेलं प्रत्येक घर दाखवायचं. मोजणीच्या दिवसांत तोडणीवरनं कुणी लग्नाला, यात्रेला घरी आलं असेल तर त्याची नोंद इथं होईल असं बघायचं, आणि त्याला सांगून ठेवायचं की तिकडं पुन्हा नाव देऊ नको. दोन ठिकाणी नोंद नको.

दुसरी एक गोष्ट. जनगणनेत छापून येतो तो आकडा महसुली गावाचा. वस्तीचा वेगळा आकडा त्यात मिळत नाही. तो आपणच तयार करून ग्रामसभेत मांडावा लागतो. गावापुरतं काय लिहिलंय ते मात्र बघायला मिळतं. प्रत्येक जिल्ह्याची जनगणना पुस्तिका असते, ती इंटरनेटवर फुकट आहे. कॉलेजात जाणाऱ्या मुलीला सांगा, मोबाईलवर उघडून देईल. त्यात गावागावाच्या ओळी आहेत. पक्का रस्ता आहे का, सरकारी बस येते का, खासगी येते का, रिक्षा, जीप, रेल्वे. सोय गावात नसेल तर तिथं अ, ब, क सारखी इंग्रजी अक्षरं असतात. पहिलं अक्षर म्हणजे ती सोय 5 किलोमीटरच्या आत, दुसरं 5 ते 10, तिसरं 10 च्या पुढं.

आम्ही ती पुस्तिका उघडून बसलो तेव्हा एक वहिनी म्हणाल्या, “पाच किलोमीटरच्या आत म्हणजे जवळच की. ज्यानं लिहिलं त्याच्या काखेत पोरगं नव्हतं.” खरं आहे. 4 किलोमीटर मोटारसायकलला काहीच नाहीत. मे महिन्यात, कडेवर लेकरू, हातात रेशनची पिशवी, तर तेच 4 किलोमीटर तास खातात. आणि बस येते का या प्रश्नाला हो किंवा नाही एवढंच उत्तर. दिवसातनं किती वेळा येते, शाळा सुटायच्या वेळेला येते का, हे त्यात नाही. तसंच घरयादीत घरात दुचाकी आहे का विचारतात, चालवतं कोण ते विचारत नाहीत. आम्ही वस्ती मोजली तेव्हा ते विचारलं. दुचाकी बऱ्याच घरांत निघाल्या. चालवणारी बाई निघाली एकच, ती पण माहेरी शिकलेली.

आता बसचं. बायकांना एसटीत निम्मं तिकीट 17 मार्च 2023 पासून आहे. 75 वर्षांवरच्या म्हाताऱ्या माणसांना त्याच्या आदल्या ऑगस्टपासून मोफत. मुलींना शाळेसाठी अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास. मानव विकास कार्यक्रमात असलेल्या 125 तालुक्यांत मुलींसाठी निळ्या बस आहेत. सवलती खऱ्या आहेत आणि उपयोगाच्याही आहेत. पण सवलत गाडीत बसल्यावर मिळते. जिथं गाडीच येत नाही तिथली बाई वडापला पुरे पैसे देते. म्हणजे फाट्यावरची बाई निम्म्यात दहिवडीला जाते, आणि आमच्या वस्तीवरची तिच्यापेक्षा गरीब बाई फाट्यापर्यंत यायलाच पुरे पैसे मोजते.

गाडी का येत नाही, याची कारणं एसटीच्या बाजूनंही समजून घ्यायला हवीत. बस जायला रस्ता लागतो, वळवायला जागा लागते. फेरीचं भारमान बघतात, म्हणजे किती जागा भरल्या. सकाळी पोरं घेऊन भरलेली गाडी परतताना रिकामी असते. मधल्या काळात करोना आला, त्यानंतर नोव्हेंबर 2021 पासून एप्रिल 2022 पर्यंत संप झाला. तेवढ्यात खेड्यातली माणसं वडापला आणि मोटारसायकलला सरावली. मग भारमान कमी, म्हणून फेरी कमी, फेरी कमी म्हणून लोक वाट बघत नाहीत, म्हणून भारमान आणखी कमी. मुक्कामाची गाडी हवी असेल तर ड्रायव्हर-कंडक्टरना झोपायला खोली, पाणी, संडास गावानंच बघायला पाहिजे. डासांत ओट्यावर झोपवलं तर ते कशाला खुशीनं येतील?

कोकणात ही गोष्ट आणखी पुढं गेलेली दिसते. 2001 ते 2011 या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या वाढून 11 कोटी 23 लाखांवर गेली, पण रत्नागिरी जिल्ह्याची जवळजवळ 5 टक्क्यांनी घटली आणि सिंधुदुर्गाची 2 टक्क्यांहून जास्त. रत्नागिरीत तेव्हा हजार पुरुषांमागं 1,122 बाया मोजल्या गेल्या. बापे मुंबईला, घरी बायका आणि म्हातारी. लोकसंख्येच्या मोजमापानं बघाल तर तिथली वाडी दरवर्षी हलकी होते. पण गाडीची गरज कुणाला जास्त? जो मुंबईला गेला त्याला, का दवाखान्यात जाणाऱ्या त्याच्या आईला? नुसती डोकी मोजण्यातली ही उणीव आहे असं आम्हाला वाटतं. गरज मोजली जात नाही.

आमच्याकडची गरज आम्ही गेल्या पावसाळ्याच्या आदल्या पावसाळ्यात बघितली. आमच्या एका गटातल्या आक्कांची सून. रात्री कळा सुरू झाल्या, ओढ्याला पाणी. 108 ला फोन लावला, गाडी वेळेत आली, आणि ओढ्याच्या अलीकडं उभी राहिली. तिच्या दिव्यांचा उजेड पलीकडनं दिसत होता. चादरीची झोळी करून चौघांनी तिला वरच्या अंगानं, जिथं पाणी गुडघाभर होतं तिथनं आणलं. बाळ गाडीत जन्मलं. दोघंही आहेत, पोरगी आता अंगणवाडीत जायला लागेल. पण आक्का अजून ढग भरून आले की ओढ्याकडं बघत बसतात. त्याच वस्तीवरच्या एका मुलीची शाळा दहावीनंतर सुटली, तिचं कुणी काही लिहून ठेवलं नाही. घरच्यांनी एवढंच म्हटलं, संध्याकाळी कोण आणायला जाणार? तिला 78 टक्के होते.

तेव्हा आम्ही ठरवलं, वस्ती आपणच मोजायची. दोन रविवार लागले. साधी दोनशे पानी वही. घरातली माणसं, वय, बाहेर कोण जातं, कोणत्या महिन्यात जातं, कधी येतं. शाळेत जाणारी किती, कोणत्या वर्गात. पोटुशी कोण, गोळ्या चालू असलेली म्हातारी किती. दूध घालायला कोण जातं. वाहन कुणाकडं, चालवतं कोण. एक आत्या म्हणाल्या, मुंबईची पोरंही लिहा, तेवढाच आकडा फुगंल. यावर बरीच वादावादी झाली. पोरं गणपतीला येतात, मतदानाला येतात, घर त्यांचंच आहे. शेवटी ठरलं की नाही लिहायची. कुणी उद्या तपासायला आलं आणि एक नाव खोटं निघालं तर बाकीची खरी नावंही गेली. तोडणीला जाणाऱ्यांची मात्र वेगळी ओळ केली, महिन्यांसकट: जून ते ऑक्टोबर इथंच. पावसाळ्यातच रस्ता लागतो, आणि पावसाळ्यात ही माणसं इथं असतात, हे त्या ओळीनं आपोआप दिसतं.

वही घेऊन एका कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांनी पहिलं विचारलं, “सरपंच कुठायत?” नंतर म्हणाले, बचत गटानं पापड करावेत. आम्ही पापडही करतो, असं सांगून बाहेर आलो. मग रीतसर गेलो. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, तिथं ठराव घेतला, मग तो ग्रामसभेत मांडून मंजूर केला. ठरावाला वस्तीची यादी जोडली, ओढ्याच्या पुराचे फोटो जोडले. ठरावाची प्रत आणि पोच आमच्या फाईलला आहे. हे दोन कागद हातात घेतल्याशिवाय कुणी उठायचं नाही, मैत्रिणींनो. बससाठी वेगळा अर्ज केला, आगारप्रमुखांच्या नावानं, त्याला मुलींची वर्गवार यादी आणि शाळेच्या वेळा जोडल्या. ओढ्याच्या अलीकडपर्यंत सकाळ-संध्याकाळ एक-एक फेरी मागितली आहे. पलीकडं बस जाणार नाही हे आम्हालाही कळतं.

आता अडलंय ते इथं. मोजून झालं तेव्हा वस्तीचा आकडा पाचशेच्या थोडा खाली आला. शेजारच्या मळ्यातली घरं धरली तर वर जातो. पण मळा 500 मीटरच्या परिघात बसतो का नाही, यावर दोन मतं आहेत. मळ्यातले म्हणतात बसतो, वस्तीवरचे म्हणतात, बसला तरी त्यांना बरोबर घ्यायचं का? चार वर्षांपूर्वीचं विहिरीवरचं भांडण. त्या दोन्ही घरच्या सासवांना पुढच्या बैठकीला बोलावलंय, दोघींनीही येतो म्हणून सांगितलंय. आणि येत्या रविवारी सकाळी, ऊन व्हायच्या आत, वस्तीच्या मारुतीपासून मळ्यातल्या पहिल्या घरापर्यंत मोजायचं ठरलंय. गवंड्याकडनं शंभर फुटी टेप मिळाली आहे, 16 वेळा लावून वर आणखी 40 फूट धरले की 500 मीटर होतात. टेप धरायला दोघी आणि लिहायला एक हवी. मळ्यातल्याही दोघी बरोबर घेणार आहोत, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको.